निनावी पत्रांचे गाव : 'ल कोर्बो'

'ल कोर्बो' हा ९२ मिनिटांचा कृष्णधवल फ्रेंच चित्रपट २८ सप्टेंबर १९४३ रोजी पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आन्री-जॉर्ज क्लूझो यांचा हा दुसराच चित्रपट. नावाचा अर्थ 'डोमकावळा'. एका लहान गावात 'डोमकावळा' अशी सही असलेली निनावी पत्रे घरोघर येऊ लागतात आणि बघता बघता सारे गाव एकमेकांकडे संशयाने पाहू लागते, एवढीच त्याची गोष्ट. पण चित्रपट तयार झाला तेव्हा फ्रान्स जर्मन फौजांच्या ताब्यात होता, चित्रपटाला पैसा जर्मन कंपनीने पुरवला होता आणि शेजाऱ्याविरुद्ध निनावी पत्र लिहून अधिकाऱ्यांना कळवणे हा त्या देशातला रोजचा प्रकार झाला होता. म्हणूनच या साध्या दिसणाऱ्या रहस्यपटावर एकमेकांचे शत्रू असलेले पक्ष एकाच वेळी चिडले. देश स्वतंत्र होताच त्याच्यावर बंदी आली आणि दिग्दर्शकाला काम करण्यास मनाई झाली. आज मात्र फ्रेंच सिनेमाच्या श्रेष्ठ कृतींत त्याची गणना होते. पत्रे कोण लिहितो हा प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत जागता ठेवतो, पण त्याचा खरा विषय वेगळा आहे : संशय एकदा गावात शिरला की चांगली म्हणवणारी माणसे काय करू लागतात, हे त्यात दाखवले आहे.

त्यूलमधील खरा प्रकार

कथेचे मूळ एका खऱ्या प्रकरणात आहे. मध्य फ्रान्सच्या दक्षिण भागात कोरेझ नावाचा जिल्हा आहे. त्यूल हे त्याचे मुख्य ठिकाण. १९१७ च्या सुमारास या शांत गावात निनावी पत्रे येऊ लागली. पुढच्या पाच वर्षांत अशी शंभराहून अधिक पत्रे लोकांच्या हाती पडली. कुणाच्या बायकोचे बाहेर लफडे आहे, कोणता अधिकारी कुणाच्या घरी जातो, कोणाचे मूल कोणाचे, अशा गोष्टी त्यांत ओंगळ भाषेत लिहिलेल्या असत. पत्रे मुख्यतः जिल्हा कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना येत. काही दाराच्या फटीतून सरकवलेली असत, काही रस्त्यात किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली सापडत. लिहिणाऱ्याला कचेरीतली बारीकसारीक माहिती होती, त्यामुळे तो आपल्यातलाच कुणीतरी आहे हे सगळ्यांना कळून चुकले, आणि भीतीचे खरे कारण तेच होते. या संशयाच्या ताणात एका कर्मचाऱ्याचे मानसिक संतुलन बिघडले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर तपासाला जोर आला.

तपासासाठी लिआँहून डॉ. एदमाँ लोकार यांना बोलावण्यात आले. लोकार यांनी १९१० मध्ये लिआँ येथे पोलिसांची प्रयोगशाळा उभारली होती, आणि गुन्हेगार जिथे जातो तिथे काहीतरी मागे ठेवतो व तिथले काहीतरी बरोबर नेतो, हे त्यांचे तत्त्व आजही न्यायसहायक विज्ञानाच्या पहिल्या पाठात शिकवले जाते. जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी संशयित स्त्रियांना एकत्र बसवून श्रुतलेखन घातले. पत्रे छापील वळणाच्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती, तेव्हा तशाच अक्षरांत मजकूर लिहायला लावला. यामागचा विचार साधा आहे. दोन-चार ओळी माणूस अक्षर बदलून लिहू शकतो, पण पानामागून पान लिहावे लागले की लक्ष थकते, हात सवयीच्या वळणावर येतो आणि रेघांचे वळण, दोन अक्षरांमधले अंतर यांतून मूळ लिहिणारा डोके वर काढतो. कचेरीत पूर्वी काम केलेली आंजेल लाव्हाल ही अविवाहित स्त्री प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत, विलक्षण सावकाश लिहीत होती. लोकार यांनी तिला तासन्‌तास लिहायला लावले आणि शेवटी तिचा हात फितूर झाला.

कचेरीतल्या आपल्या वरिष्ठावर तिचे प्रेम होते आणि त्याने दुसऱ्या सहकारी स्त्रीशी लग्न केले, असे या प्रकरणाच्या तळाशी निघाले. बभ्रा झाल्यावर आंजेल आणि तिची आई दोघींनी तळ्यात जीव देण्याचा प्रयत्न केला. आई बुडाली, मुलगी वाचली. डिसेंबर १९२२ मध्ये खटल्याचा निकाल लागला. शिक्षा झाली ती एक महिन्याची स्थगित कैद आणि दंड. न्यायालयात आलेल्या 'ल मातँ' या वृत्तपत्राच्या बातमीदाराने, काळ्या सुतकी पोशाखात अंग चोरून बसलेली ती स्त्री पंख मिटून बसलेल्या पक्ष्यासारखी दिसत होती, असे वर्णन केले. चित्रपटाच्या नावाची मुळे या वर्णनापर्यंत जातात.

मराठी माणसाला कावळा म्हटले की पाहुण्यांची वर्दी आठवते, पितृपक्षातला घास आणि पिंडाला शिवणेही आठवते. फ्रेंचांच्या 'कोर्बो'ला अशी घरगुती बाजू नाही. तो काळाकुट्ट, मढ्याभोवती घिरट्या घालणारा, अशुभ पक्षी आहे. त्यूल प्रकरणावरून लुई शावांस यांनी एक पटकथा युद्धापूर्वीच लिहून लेखकांच्या संस्थेत नोंदवून ठेवली होती. तेव्हा तिचे नाव 'सापाचा डोळा' होते. पुढे क्लूझो यांनी शावांस यांच्याबरोबर बसून तिला नवे रूप दिले. पटकथा युद्धाआधीची होती, ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

परक्यांच्या ताब्यातला देश

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. उत्तरेचा आणि पश्चिम किनाऱ्याचा भाग थेट जर्मनांच्या ताब्यात गेला, उरलेल्या भागावर मार्शल पेताँ यांचे सरकार व्हिशी या गावातून कारभार पाहू लागले. 'श्रम, कुटुंब, मातृभूमी' हे त्याचे बोधवाक्य होते. शहरे पापी, खेडी पवित्र, स्त्रीची जागा घरात आणि मातृत्व हेच तिचे कर्तव्य, अशी शिकवण शाळांतून, रेडिओवरून आणि भिंतींवरच्या चित्रांतून दिली जाई. १५ फेब्रुवारी १९४२ च्या कायद्याने गर्भपात हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला गेला. ३० जुलै १९४३ रोजी मारी-लुईझ जिरो या स्त्रीला गर्भपात केल्याबद्दल पॅरिसमध्ये गिलोटिनखाली मृत्युदंड देण्यात आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी जो चित्रपट पडद्यावर आला, त्याचा नायक गर्भपात केल्याचा आरोप असलेला डॉक्टर होता.

याच काळात निनावी पत्रांचा सुळसुळाट झाला. जर्मन लष्करी कचेरीत, फ्रेंच पोलिसांकडे, ज्यूंविषयीच्या सरकारी खात्याकडे पत्रे येत राहिली. अमक्याच्या माळ्यावर ज्यू लपले आहेत, तमका रात्री लंडनचा रेडिओ ऐकतो, फलाण्याच्या तळघरात काळ्या बाजारातले मांस आहे, असे त्यांत कळवलेले असे. काही पत्रांमागे विचारसरणी होती. अनेकांमागे जुने भांडण, शेजाऱ्याच्या दुकानावर डोळा किंवा मोडलेले प्रेम होते. त्यूलमध्ये पत्राने अब्रू जात होती, आता पत्राने माणूस छळछावणीत जात होता.

चित्रपटाचा धंदाही बदलला होता. इंग्लिश आणि अमेरिकन चित्रपट बंद झाले. ज्यू कलावंत व तंत्रज्ञांना कायद्याने या व्यवसायातून बाहेर काढण्यात आले. जर्मनांनी १९४० मध्येच पॅरिसमध्ये 'काँतिनांताल' नावाची चित्रपटसंस्था काढली आणि आल्फ्रेड ग्रेव्हेन यांना तिचे प्रमुख नेमले. युद्धकाळात फ्रान्समध्ये तयार झालेल्या सुमारे २२० कथापटांपैकी ३० या एकट्या संस्थेचे आहेत. जर्मन प्रचारमंत्री गोबेल्स यांना फ्रेंच लोकांसाठी हलकेफुलके, डोके न चालवायला लावणारे चित्रपट हवे होते. ग्रेव्हेन यांना मात्र दर्जेदार, व्यवसायात टिकणारे चित्रपट काढायचे होते. शिवाय ही संस्था जर्मन असल्यामुळे व्हिशी सरकारच्या सेन्सॉरचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली : व्हिशीच्या नैतिकतेला न रुचणारा विषय फ्रेंच निर्मात्याला हाताळता आला नसता, तो जर्मन पैशावर हाताळता आला. संस्थेत पोटासाठी काम करणारे होते, संधिसाधू होते आणि जर्मनांविरुद्धच्या भूमिगत प्रतिकार चळवळीत असलेलेही होते. जाँ-पॉल ल शानुआ हे वडिलांकडून ज्यू आणि स्वतः कम्युनिस्ट असलेले पटकथालेखक याच इमारतीत काम करत होते.

क्लूझो १९०७ साली पश्चिम फ्रान्समधील निओर येथे जन्मले. तरुणपणी त्यांनी बर्लिनच्या स्टुडिओंत काम केले आणि मुर्नाउ व फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकांच्या छायाप्रकाशाच्या भाषेचा ठसा त्यांच्यावर उमटला. पुढे क्षयामुळे त्यांना १९३० च्या दशकातली काही वर्षे आरोग्यधामात काढावी लागली. आजारी माणसे, कंटाळा, कुजबुज आणि मृत्यूचा सहवास त्यांनी तिथे जवळून पाहिला. युद्धकाळात ते काँतिनांतालच्या पटकथा विभागाचे प्रमुख झाले आणि १९४२ मध्ये 'खुनी २१ नंबरात राहतो' हा त्यांचा पहिला चित्रपट आला. 'ल कोर्बो'चे बाह्यचित्रण पॅरिसच्या पश्चिमेला असलेल्या माँफोर-लामोरी या जुन्या गावात झाले.

सँ-रोबँची कथा

चित्रपटातल्या गावाचे नाव सँ-रोबँ. हे गाव इथले किंवा तिथले, कुठलेही असू शकते, असे सुरुवातीच्या पाटीवरच सांगितलेले आहे. त्यानंतर कॅमेरा गावाच्या स्मशानभूमीतून फिरतो. काही क्षणांनी डॉ. रेमी झेर्मँ (पिएर फ्रेने) एका घरातून बाहेर येऊन हात धुताना दिसतो. बाळंतपणात आई वाचली आहे, मूल गेले आहे. त्याच्यावरच्या आरोपाची बीजे या पहिल्याच प्रसंगात पेरलेली आहेत.

झेर्मँ गावात नवा आहे. एकटा राहतो, फटकळ आहे, कुणाशी फारसे बोलत नाही. गावच्या रुग्णालयातील वृद्ध मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्होर्झे (पिएर लार्के) याची तरुण पत्नी लोरा (मिशलीन फ्रांसे) हिचे नाव घेऊन झेर्मँला पहिले पत्र येते. तिचे आणि झेर्मँचे संबंध आहेत आणि झेर्मँ गुपचूप गर्भपात करतो, असे त्यात लिहिलेले असते. मग पत्रांची रीघ लागते. रुग्णालयाचे व्यवस्थापक, इतर डॉक्टर, सरकारी अधिकारी, शिक्षक, कुणीच सुटत नाही. झेर्मँच्या नावाने सुरू झालेले हे प्रकरण गावातल्या प्रत्येकाचे काही ना काही उघड्यावर आणते. आणि पत्रातली प्रत्येक गोष्ट खोटी नसते, हे त्यातले सर्वांत बोचरे. अर्धे खरे आणि अर्धे खोटे एकत्र कालवलेले असल्यामुळे कुणालाच ठामपणे नाकारता येत नाही.

रुग्णालयात तेरा नंबरच्या खाटेवर फ्रांस्वा नावाचा तरुण रुग्ण (रॉजे ब्लँ) आहे. त्याला कर्करोग झाल्याचे आईने आणि डॉक्टरांनी लपवून ठेवले आहे. 'डोमकावळा' त्याला पत्राने ते कळवतो. फ्रांस्वा वस्तऱ्याने स्वतःचा गळा चिरून घेतो. आता पत्रांच्या खेळात एक जीव गेलेला असतो आणि गावाला गुन्हेगार हवा असतो.

लोक बोट दाखवतात ते मारी कोर्बँकडे (एलेना मांसों). ती लोराची बहीण, रुग्णालयातली कडक, कोरडी, रुग्णांना नकोशी वाटणारी परिचारिका. एके काळी तिचेच व्होर्झेशी लग्न ठरले होते. तिला अटक होते, पत्रे थांबतात आणि गाव सुटकेचा श्वास सोडते. पण चर्चमध्ये प्रवचन चालू असताना वरच्या सज्जातून एक पत्र तरंगत खाली येते. तुरुंगातली मारी निर्दोष ठरते. त्या वेळी सज्जात बसलेल्या माणसांवर संशय जातो आणि त्यांना शाळेच्या वर्गात बसवून श्रुतलेखन घातले जाते. त्यूलमधली लोकार यांची परीक्षा इथे कथेत आली आहे. फरक एवढाच की मजकूर सांगायला उभा असतो निनावी पत्रांचा अभ्यासक मानला जाणारा डॉ. व्होर्झे.

झेर्मँच्या आयुष्यात दोन स्त्रिया आहेत. लोरा सोज्ज्वळ, गोरीगोमटी, चर्चला जाणारी. मुख्याध्यापकाची बहीण दनीज (जिनेत लक्लेर) गावाच्या मते बेताल, पुरुषांना नादी लावणारी. दनीज एका पायाने लंगडते आणि ते लपवण्याची तिची धडपड पाहिली की तिच्या भडक वागण्यामागची जखम कळते. शेवटी प्रेक्षकांचे दोन्ही अंदाज उलटे ठरतात. दनीज सरळ निघते. पहिले पत्र मात्र झेर्मँवर एकतर्फी जीव जडलेल्या लोराने लिहिलेले असते. ते नवऱ्याच्या हाती लागते आणि पुढची पत्रे तो तिच्याकडून लिहून घेतो. दरम्यान दनीजनेही एक पत्र 'डोमकावळ्या'च्या नावाने लिहिलेले असते. म्हणजे डोमकावळा एकटा माणूस नाही. ते एक सोयीचे नाव आहे, जे गरज पडेल तसे वेगवेगळे हात वापरतात.

व्होर्झे आपल्या पत्नीला वेडी ठरवतो. तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याच्या कागदावर झेर्मँही सही करतो आणि गाडी तिला घेऊन जाते. सत्य कळून झेर्मँ व्होर्झेच्या घरी धावतो तेव्हा व्होर्झे लिहिण्याच्या मेजावर गळा चिरलेल्या अवस्थेत पडलेला असतो, समोर अर्धवट राहिलेले शेवटचे पत्र. फ्रांस्वाच्या आईने (सिल्वी) मुलाचाच वस्तरा वापरून सूड घेतलेला असतो. खिडकीतून झेर्मँला उन्हाने उजळलेला रस्ता दिसतो, तिथे मुले खेळत आहेत आणि काळ्या बुरख्यातली ती आई पाठमोरी शांतपणे चालत निघून जाते. तिला कुणी अडवत नाही.

चार प्रसंग

क्लूझो यांचे कौशल्य पाहायचे तर काही प्रसंग थांबून पाहावे लागतात.

पहिला अंत्ययात्रेचा. फ्रांस्वाची शवगाडी जात असताना तिच्यावरच्या पुष्पचक्रातून एक पत्र रस्त्यावर पडते. मागून येणारे लोक ते पाहतात. प्रत्येकाला ते काय आहे हे ठाऊक आहे. कुणी ते उचलत नाही आणि कुणी त्यावर पायही देत नाही. मिरवणूक त्या कागदाला वळसा घालून पुढे जाते. चेहऱ्यांवर शोक आहे, डोळे मात्र खाली, त्या पत्रावर. एकही शब्द न बोलता सगळ्या गावाची भीती आणि त्याहून लाजिरवाणे कुतूहल इथे दिसते.

दुसरा मारीच्या पळण्याचा. अंत्ययात्रेनंतर जमाव तिच्यावर उलटतो. काळा झगा वाऱ्यावर फडफडवत ती ओसाड गल्ल्यांतून धावते. तिच्या मागे लोकांचा गलका ऐकू येतो, पण जमाव पडद्यावर दिसत नाही. तिरकस लावलेल्या कॅमेऱ्यात भिंती कलतात, गल्ल्या चिंचोळ्या होत जातात. घरी पोहोचते तर तिथे आधीच मोडतोड झालेली आहे. ज्या प्रेक्षकाला मारी आतापर्यंत आवडलेली नसते त्याला आपणही त्या न दिसणाऱ्या जमावात होतो, हे इथे उमगते. निर्दोष माणूस नावडता असला की त्याच्याविरुद्ध पुरावा लागत नाही.

तिसरा श्रुतलेखनाचा. शाळकरी मुलांच्या बाकांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी कोंबून बसली आहेत. व्होर्झे पत्रांतला मजकूर सांगत जातो, त्यामुळे आपल्याविषयीच्या घाणेरड्या ओळी लोकांना आपल्याच हाताने उतरवाव्या लागतात. तास उलटतात, खांदे पडतात, दनीज शुद्ध हरपून कोसळते आणि तिच्यावरच संशय येतो. दुसऱ्यांदा चित्रपट पाहणाऱ्याला हा प्रसंग अंगावर काटा आणतो, कारण परीक्षा घेणाराच गुन्हेगार आहे आणि तो थकलेल्या माणसांच्या रांगांमधून सावकाश फिरतो आहे.

त्यानंतर लगेच येणारा दिव्याचा प्रसंग हा सबंध चित्रपटाचा गाभा. रिकाम्या वर्गात झेर्मँ आणि व्होर्झे दोघेच उरले आहेत. माणसे चांगली किंवा वाईट असतात, चांगुलपणा म्हणजे उजेड आणि दुष्टपणा म्हणजे अंधार, अशी झेर्मँची समजूत. व्होर्झे छताला लटकणाऱ्या दिव्याला धक्का देतो. दिवा झुलू लागतो. एका क्षणी व्होर्झेचा चेहरा उजळतो आणि झेर्मँचा काळोखात जातो, दुसऱ्या क्षणी उलट. मेजावरचा पृथ्वीगोलही उजेडात येतो आणि सावलीत जातो. उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, तुम्ही नेमके कुठल्या बाजूला आहात, असे व्होर्झे विचारतो. त्यात काय, दिवा थांबवला की झाले, असे झेर्मँ म्हणतो. थांबवा, असे व्होर्झे सांगतो. झेर्मँ हात घालतो आणि बोटे भाजून घेतो.

छायाचित्रकार निकोला आये यांनी हा प्रसंग एका झुलत्या दिव्याच्या आधारे उभा केला आहे. आपण कोणत्या बाजूला आहोत, याविषयी १९४३ सालच्या फ्रान्समध्ये प्रत्येकाला ठाम उत्तर हवे होते. चित्रपट ते उत्तर हिरावून घेत होता. विशेष म्हणजे हे सत्य तो गुन्हेगाराच्या तोंडी घालतो. त्यामुळे प्रेक्षकाला ते निवांतपणे स्वीकारताही येत नाही आणि खोटे म्हणून टाकताही येत नाही.

सगळ्यांचा राग

प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. बाकी बहुतेकांनी त्याला धारेवर धरले. कॅथलिक चर्चच्या चित्रपट परीक्षण मंडळाने श्रद्धावंतांनी तो मुळीच पाहू नये असा शेरा दिला. गर्भपाताची उघड चर्चा, विवाहबाह्य संबंध, नायकाने 'बदनाम' स्त्रीची निवड करणे, हे सारे व्हिशीच्या शिकवणीला तडा देणारे होते. निष्पाप म्हणून गौरवलेले खेडे इथे कुजलेले दिसत होते. लहान मुलेसुद्धा निरागस नव्हती. मुख्याध्यापकाची किशोरवयीन मुलगी चोरी करते, दारांशी कान लावते. निनावी पत्रांवर ज्यांचा तपास अवलंबून होता त्या जर्मन यंत्रणेला पत्रलेखकांची किळस वाटायला लावणारा चित्रपट सोयीचा नव्हता. क्लूझो यांचे काँतिनांतालशी बिनसले आणि प्रदर्शनाच्याच सुमारास त्यांनी संस्था सोडली.

प्रतिकार चळवळीचा राग वेगळ्या कारणाने होता. मार्च १९४४ मध्ये चळवळीच्या भूमिगत नियतकालिकात एक जळजळीत लेख आला. लेखावर नाव नव्हते. तो जॉर्ज आदाम आणि अभिनेते पिएर ब्लांशार यांनी लिहिला होता. त्या दिवसांत नाव छापणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते, तेव्हा निनावीपणाला पर्याय नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की हा चित्रपट फ्रेंच माणसाला भ्रष्ट आणि नीच दाखवतो आणि शत्रूच्या प्रचाराला खाद्य पुरवतो. त्याच्याशी तुलना करून त्यांनी जाँ ग्रेमियों यांच्या 'आकाश तुमचे आहे' या चित्रपटाचा गौरव केला. त्यात लहान गावातले एक जोडपे विमानोड्डाणाच्या ध्यासापोटी सर्वस्व पणाला लावते. 'ल कोर्बो' जर्मनीत 'एक लहान फ्रेंच गाव' अशा नावाने फ्रेंचांची नाचक्की करण्यासाठी दाखवला जात आहे, असेही पसरले. ही गोष्ट खरी नव्हती. पण ऐकलेले खरे मानून पुढे सांगण्याची घाई, जी चित्रपटातल्या गावकऱ्यांना झाली होती, तीच आता चित्रपटाविषयी अनेकांना झाली.

बंदी आणि सुटका

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले आणि शत्रूशी सहकार्य करणाऱ्यांची झाडाझडती सुरू झाली. 'ल कोर्बो'वर बंदी आली. पिएर फ्रेने यांना काही आठवडे कोठडीत ठेवले गेले, जिनेत लक्लेर यांना बराच काळ तुरुंगात काढावा लागला. क्लूझो यांना चित्रपटव्यवसायात काम करण्यास कायमची बंदी करण्यात आली.

क्लूझो यांनी जर्मन संस्थेत जबाबदारीचे पद घेतले होते ही वस्तुस्थिती होती आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारणे रास्तच होते. पण रोष मुख्यतः चित्रपटाच्या आशयावर होता आणि तिथे बाजू इतकी सरळ नव्हती. जाँ-पॉल सार्त्र, सिमोन द बोव्हार, जाँ कॉक्तो, रने क्लेर आणि मार्सेल कार्ने यांच्यासारखे लेखक व दिग्दर्शक क्लूझो यांच्या बाजूने उभे राहिले. प्रचारासाठी ही कथा रचली, या आरोपाला उत्तर देताना पटकथा युद्धापूर्वीच नोंदवलेली आहे, हे शावांस यांना दाखवता आले. पटकथाकार आन्री जाँसों यांनी टीकाकारांवर कडाडून हल्ला चढवला. शेवटी शिक्षा दोन वर्षांवर आली. १९४७ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला आणि त्याच वर्षी क्लूझो यांच्या 'के देझ ऑर्फेव्र' या नव्या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. 'भीतीची मजुरी' (१९५३) आणि 'ले दियाबोलिक' (१९५५) या चित्रपटांनी त्यांना जगभर नाव दिले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

नंतरचा प्रवास

ऑटो प्रेमिंजर यांनी १९५१ मध्ये ही कथा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नेऊन 'द थर्टीन्थ लेटर' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक फ्रांस्वा त्रूफो यांनी युद्धकाळात शाळकरी वयात 'ल कोर्बो' पुन्हा पुन्हा पाहिला होता आणि त्यातले संवाद त्यांना पाठ झाले होते. काँतिनांतालच्या इमारतीत माणसे कशी जगली, कशी झुकली आणि कशी झुकली नाहीत, याचे चित्रण बेर्त्रां ताव्हेर्निए यांनी २००२ च्या 'लेसे-पासे' या चित्रपटात केले.

सर्वांत खोल ठसा उमटला तो भाषेवर. फ्रेंचमध्ये निनावी पत्र लिहिणाऱ्याला आज सर्रास 'कोर्बो' म्हणतात. १९८४ मध्ये व्होज भागात एका चार वर्षांच्या मुलाची हत्या झाली. त्या घराला आधीपासून निनावी फोन आणि पत्रे येत होती. वृत्तपत्रांनी, पोलिसांनी आणि सामान्य लोकांनी त्या अज्ञात माणसाला 'कोर्बो' हेच नाव दिले. टपालाच्या लखोट्याऐवजी दूरध्वनी आला, पुढे इतर साधने आली, तरी शब्द तोच राहिला. चित्रपटावर ज्यांनी बंदी घातली आणि ज्यांनी त्याला वाचवले, त्या दोघांच्याही नातवंडांच्या बोलण्यात तो आता रुळला आहे.